नऊ इंची चिनी काडी

नव्या कोऱ्या चिनी मशीनच्या डोळ्यावर मी हळदीकुंकवाचं बोट ठेवलं आणि अकरा दिवस ते मशीन बंद पाडलं.

डोळा म्हणजे बटणाएवढी काच. ती कशासाठी असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढ्या मोठ्या हिरव्या अंगावर बरोबर मधोमध अशी गोल, चकचकीत जागा कंपनीनं सोडली आहे म्हणजे ती टिळ्यासाठीच असणार, असं मला वाटलं. देशोदेशी माल विकणारे लोक, एवढा विचार त्यांनी केला असेलच की. कुंकू पाण्यात कालवून चांगलं दाट केलं होतं. वर दोन अक्षताही चिकटवल्या.

त्याआधीची सत्तावीस वर्षं मी यवतमाळच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळलं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या कचेऱ्यांमध्येच गेल्या. घरात स्क्रू पिळायचा झाला तरी माणूस बोलावतात. अशा घरातल्या माणसानं निवृत्त झाल्यावर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत भाड्यानं शेड घेऊन अगरबत्तीचा कारखाना काढला. का काढला, हे माझी बायको अजून विचारते. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता, एवढंच खरं उत्तर आहे. त्यात एका बाजूनं काड्या आत जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं अगरबत्त्या पावसासारख्या पडत होत्या. मी तो व्हिडिओ चहा थंड होईपर्यंत पाहिला, मग दुसरा चहा मागवून परत पाहिला.

शेडमध्ये कामाला पाच बायका होत्या. त्यांतल्या म्होरक्या बाईला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायला लागलो. मावशी लोहाऱ्याचीच. वीस वर्षं तिनं घरी बसून, लाकडी पाटावर, तळहातानं अगरबत्ती वळली होती. काडीवर मसाल्याचा गोळा ठेवायचा आणि हात एकदा पुढं न्यायचा की झाली अगरबत्ती. मग एक दिवस तिला मसाला आणि काड्या आणून देणारा व्यापारी यायचाच बंद झाला. मशीनचा माल स्वस्त पडतो म्हणाला. तेव्हा मावशी माझ्याकडं आली, आणि येताना शेजारच्या चौघींना घेऊन आली. त्यांतली एक तर वसतिगृहातलं पोळ्यांचं काम सोडून आली होती.

पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून ठेवलं, "भाऊ, या चौघी माह्या शब्दावर आल्या. शेड बुडाली त तुमाले पेन्शन हाय. माह्याजवळ त शब्दच हाय. तो गेला त मी मोहल्ल्यात तोंड कुठी दाखवू?"

शेड बुडणार की तरणार, हे उमरखेडच्या एका पूजा-साहित्याच्या व्यापाऱ्यावर अवलंबून होतं. तो फोनवर म्हणाला होता, "गणपतीच्या आधी पंचवीस खोके द्या. माल पसंतीस उतरला तर वर्षभर तुमचाच घेईन. वेळेवर आला नाही तर माझा जुना माणूस आहेच." दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडं नव्हतं. कचेरीतल्या जुन्या मित्रांनी एकेक पुडा घेईन म्हटलं होतं, तेही फुकट मिळेल या समजुतीनं.

मशीन आलं ते लाकडी पेटीत. ती पेटी उघडताना मला जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही. प्रत्येक भाग वेगळ्या कागदात, प्रत्येक कागदावर नंबर. जे स्क्रू हरवण्याची शक्यता होती त्यांचे जास्तीचे स्क्रू एका पुडीत, आणि कुठला स्क्रू कुठला हे कळावं म्हणून त्या पुडीवर त्यांची खऱ्या मापाची चित्रं. मी सत्तावीस वर्षं फायली बांधल्या, पण इतकी नीट बांधलेली वस्तू माझ्या हाताखालून कधी गेली नव्हती. कुणीतरी, कुठंतरी, माझ्यासारख्या वेंधळ्या माणसाचा आधीच विचार करून ठेवला होता.

पण मशीनपेक्षा मोठी गंमत शेजारच्या गोणीत होती. काड्या! नऊ इंची, बांबूच्या, तिकडून आलेल्या. मावशीनं मूठभर काढून फरशीवर टेकवल्या, तर वरचं टोक आरशासारखं सपाट. मग तिनं एक काडी फरशीवर आडवी ठेवली आणि तिला फुंकर मारली. काडी सरळ घरंगळत भिंतीपर्यंत गेली. तिनं दुसरी ठेवली. तीही तिच्यामागं, तिथंच. पाची जणी कामं टाकून काड्यांना फुंकर मारत बसल्या, आणि मीही.

"आपली काडी त चौकोनी ऱ्हायते," मावशी म्हणाली. तिनं अंगठा दाखवला. कुसळं घुसून घुसून तो चाळणीसारखा झाला होता. "इच्यात एक कुसळ नाही, भाऊ. हे माणसानं केली का देवानं?"

मी लगेच माहितीगार झालो. कुठल्याशा डोंगरात बांबू तोडतात, तो उकळतात, वाळवतात, चिरतात, गोल ओढतात, मग ट्रकनं बंदरावर, जहाजानं मुंबईकडं, तिथून नागपूर आणि नागपूरहून लोहारा, असं सगळं रंगवून सांगितलं.

"अन् एवढं फिरून बी आपल्या बांबूपेक्षा स्वस्त?" तिनं विचारलं.

माझं भाषण तिथं थांबलं. बांबू आमच्या जिल्ह्यातल्या जंगलात उभा आहे, एसटीच्या खिडकीतून दिसतो. समुद्र ओलांडून आलेली काडी त्याच्या काडीपेक्षा स्वस्त कशी? हे मला अजूनही पूर्ण कळलेलं नाही. 

नागपूरच्या विक्रेत्याच्या फिटरनं संध्याकाळी मशीन चालवून दाखवलं. काडी आत, बाहेर अगरबत्ती, काडी आत, बाहेर अगरबत्ती. आम्ही सहा जण हात जोडून उभे होतो, म्हणजे खरोखरच जोडलेले. फिटर गेला. दुसऱ्या दिवशी मुहूर्त चांगला होता म्हणून मी पूजा केली, नारळ फोडला, बटण दाबलं.

मशीननं काडीशिवाय नुसता मसाला बाहेर टाकायला सुरुवात केली. लांबच लांब, काळ्या शेवया. मागून काड्या येऊन एकमेकींवर चढल्या, कडाकडा मोडल्या, आणि लाल दिवा लागून मशीन थांबलं.

"कुरडया त चांगल्या पडून राह्यल्या," चौघींतली एक म्हणाली.

पुढच्या अकरा दिवसांत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, म्हणून सगळंच सांगतो. आधी विजेचा दोष काढला आणि स्टॅबिलायझर आणला. मग मसाल्यात पाणी जास्त घातलं, मग कमी. दर वेळी बटण दाबायचं, गठ्ठा लावायचा, मोडलेल्या काड्या झाडून काढायच्या. एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर उभं राहून मी चिनी मालावर व्याख्यानं दिली. या लोकांनी आपल्या देशात कचरा आणून टाकलाय, बाजार मारलाय, असं सांगायचो. टपरीवाल्यानं माझ्यासाठी एक बाक राखून ठेवला होता. आणि मशीन आजारी आहे म्हटल्यावर रोज सकाळी शेडमध्ये शिरलो की सगळ्यांत आधी त्या काचेवर ताजं कुंकू लावायचो. जुन्यावरच. चौथ्या दिवसापर्यंत त्याचा चांगला पापुद्रा झाला होता.

शेवटी दिग्रसहून मिस्त्री बोलावले. हे वयस्कर मुसलमान कारागीर, उभा जन्म कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गेलेला. रोलर कुठं घासतोय हे दाराबाहेरून आवाजावर सांगतात अशी ख्याती. ते एसटीनं आले, दोन दिवस खपून मशीनचा एकूण एक भाग उघडून, पुसून, तेल देऊन परत बसवला. मग हात पुसत म्हणाले, "बाबूजी, इसके हाथ-पाँव सब दुरुस्त हैं. जिनिंग राह्यलं असतं त मी कानानं सांगतलं असतं. ये दिमागवाला मशीन है. जिनं बनवलं त्यालेच विचारा."

विक्रेत्यानं नंबर दिला आणि मी चीनला फोन लावला. हे वाक्य लिहितानाही गंमत वाटते. आमच्या घरात नागपूरला फोन लावायचा तर आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेत. पडद्यावर एक मुलगी आली, चष्मा घातलेली, मागं एक पंखा आणि कोरी भिंत. ती तिच्या भाषेत बोलायची आणि तिचा फोन ते हिंदीत सांगायचा, रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. शेडमधले सगळे माझ्या खांद्यांवरून वाकून बघत होते.

मी आधी तक्रार केली. ती तिनं शांतपणे ऐकली. मग म्हणाली, कॅमेरा डावीकडे. खाली. थोडा जवळ. थांबा.

"यह लाल क्या है?" स्टेशनवरच्या बाईनं विचारलं.

मी अभिमानानं पूजा सांगितली. नवीन वस्तू आली की आम्ही तिला मान देतो वगैरे.  ती सावकाश बोलली. तिच्या गावातही नवं मशीन आलं की त्याला लाल कापड बांधतात आणि फटाके वाजवतात. लाल रंग तिकडंही शुभच. "लेकिन आँख पर नहीं. यह आँख काड़ी को देखती है. काड़ी दिखे तभी मसाला आगे जाता है. आपने आँख बंद कर दी, तो मशीन समझता है काड़ी हमेशा सामने है."

 मी मिस्त्रींकडं वळलो. "चाचा, तुम्ही सगळं मशीन पुसलं, हेच कसं राहिलं?"

"आपकी पूजा का था, बाबूजी," ते म्हणाले. "मी कसं पुसू?"

मावशीकडं पाहिलं. "कुकू पुसत असते का?" ती म्हणाली. "मले वाटलं तुमाले कळत असन."

म्हणजे अकरा दिवस दोष सगळ्यांच्या नाकासमोर होता आणि माझा मान राखायला कुणी त्याला हात लावला नव्हता. मावशीनं मशीनला नमस्कार केला, पदराचं टोक ओलं केलं आणि काच पुसून काढली.

फोन ठेवण्याआधी मी त्या मुलीला विचारलं, असा मूर्खपणा करणारा मी पहिलाच का? ती हसली नाही. म्हणाली, प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं बंद पाडतो. एके ठिकाणी धूळ लागू नये म्हणून मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि मोटार तापून जळाली. एका बेटावर समुद्राच्या वाऱ्यानं तारा गंजल्या. एके ठिकाणी ऊबदार जागा म्हणून कोंबड्यांनी आत अंडी घातली. मग ती मलाच विचारायला लागली: तुमच्याकडं उन्हाळ्यात पारा किती जातो? धूळ कशी असते, काळी की लाल? वीज दिवसात कधी जाते? मी सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली.

त्या क्षणाचा माझ्यावर फार परिणाम झाला. टपरीवर मी ज्यांना अकरा दिवस शिव्या घातल्या, त्यांच्याकडं कुठल्यातरी टेबलावर अर्ध्या जगातल्या कोंबड्या, वारे आणि कुंकू यांची नोंद होत होती. त्या दिवशी यवतमाळची काळी धूळही त्यात गेली. पुढच्या मशीनची काच कदाचित बाजूला सरकलेली असेल, माझ्यासारख्याचं बोट पोचणार नाही अशी.

मशीन चालू झालं. त्या दुपारी अगरबत्त्या खरोखर पावसासारख्या पडल्या आणि मावशी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. उमरखेडच्या खोक्यांना आठ दिवस होते. काम पाच दिवसांचं. मी पाय पसरून बसलो.

तिसऱ्या दिवशी काड्या संपल्या.

अकरा दिवस मी ज्या मोडल्या, झाडून काढल्या, त्याच या. नऊ खोके भरले होते, सोळा बाकी. नागपूरला फोन केला तर विक्रेता म्हणाला, "काका, बाहेरच्या काडीवर कर वाढलाय. भाव चढलाय, माल बंदरावर अडकलाय. गणपतीच्या आधी विसरा."

तेव्हा मला माझ्या धंद्याचा खरा चेहरा दिसला. मी समजत होतो, चीनकडून मशीन घेतलं आणि व्यवहार संपला. मशीन एकदाच यायचं होतं. काडी दर महिन्याला येणार होती, जोवर शेड चालेल तोवर. आणि तिकडं भाव हलला किंवा इकडं सरकारनं कर हलवला की लोहाऱ्यात पाच बायका रिकाम्या हातानं बसणार होत्या. देशी काडीला आधार मिळावा म्हणून तो कर वाढवला होता म्हणे. विचार चांगलाच. फक्त देशी काडी माझ्या मशीनला चालत नव्हती.

 मावशी उठली आणि गावातल्या टोपल्या विणणाऱ्यांच्या घरी जाऊन बांबू घेऊन आली. चौघींनी बसून दुपारपर्यंत काड्या चिरल्या. मशीननं एक गिळली, दुसरी अडवली, तिसरी मोडली.

"आपल्या बांबूले गाठी लई," मावशी म्हणाली. "अन् हे मशीन गोल खाते. चौकोनी याच्या नरड्यात अडकते." मग माझ्याकडं वळली. "भाऊ, सोळा खोके. काय सांगू मी यायले, उद्या येऊ नका मनून?"

मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, पण मशीन नीट चालतंय ना हे बघायला थांबलेले मिस्त्री आधी बोलले. सोनार जाड तार बारीक कशी करतो, पाहिलंय का? पोलादी पट्टीला भोकं असतात, एकाहून एक बारीक. तार त्यातून ओढत न्यायची. "लोहे की पट्टी सोन्याले गोल करते त बांबूले काहून नाही करणार?"

ते गेले आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचा तुकडा घेऊन आले. शेजारच्या शेडमधल्या ड्रिलवर त्याला तीन भोकं पाडली, कडा धारदार ठेवल्या, आणि तो तुकडा एका बाकाला ठोकून बसवला. मावशीनं एका काडीचं टोक निमुळतं केलं, पहिल्या भोकात घातलं, पलीकडून पक्कडीनं धरून ओढलं. चर्र आवाज झाला, केसासारखा भुगा निघाला. दुसऱ्या भोकातून, तिसऱ्या भोकातून. मग तिनं ती काडी फरशीवर ठेवली आणि फुंकर मारली. काडी घरंगळली. शेवटी थोडी डावीकडं वळली, पण गेली.

मशीननं ती खाल्ली आणि अगरबत्ती बाहेर टाकली. मिस्त्री "माशाअल्ला" म्हणाले आणि मी उगीचच टाळ्या वाजवल्या.

मलाही ओढायचं होतं. माझ्या पहिल्या सात काड्या मधोमध तुटल्या, आठवीनं पक्कडीसकट मला मागं पाडलं. मावशीनं पक्कड माझ्या हातातून काढून घेतली आणि मला खोक्यांवर पत्ते लिहायला बसवलं. ते मला येत होतं.

पाच दिवस बायका ओढत होत्या. त्यांचे तळहात सुजले, हळद लावून त्या परत बसत. पत्ते लिहिता लिहिता मी बघत होतो आणि माझं आश्चर्य वाढतच होतं. पाच जणींनी दिवसभर ओढून जेवढ्या काड्या होत, तेवढ्या ती चिनी गोणी कोपऱ्यात सांडून गेली होती. या भावानं आपण कधीच विकू शकणार नाही हे कळायला हिशेब मांडायची गरज नव्हती. तिकडं कुठल्याशा खोऱ्यात गावंच्या गावं हेच करत असणार. एक गाव चिरणारं, एक ओढणारं, एक नुसते गठ्ठे बांधणारं. आणि फार पूर्वी त्यांच्यातही कुणीतरी पहिल्यांदा लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडून, पक्कडीनं काडी ओढून, मग फरशीवर ठेवून फुंकर मारली असेल. त्या माणसाला बघायला मला फार आवडलं असतं.

शेवटचं खोकं यवतमाळच्या बस स्टँडवरून उमरखेडच्या एसटीत चढलं तेव्हा गणपतीला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. मी स्पीकर लावला. त्यानं दुकानात एक पुडा जाळून पाहिला होता. काही काड्या जरा वाकड्या आहेत म्हणाला, पण धूर चांगला, वास चांगला. "दर महिन्याला पाठवत जा."

चौघी एकदम बोलायला लागल्या.  मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसली.

मी पेढे मागवले. माझ्यातला व्याख्याता जागा झाला होता. स्टुलावर चढून मी सांगितलं की आज लोहाऱ्यानं इतिहास घडवला आहे, चीननं आपली वाट अडवली तेव्हा आपण डगमगलो नाही, आपण आपली काडी उभी केली, आणि आज आपण, म्हणजे मी आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून, चायनाला दाखवून दिलं आहे की...

"थांबा भाऊ," मावशी म्हणाली. पेढा तिच्या सुजलेल्या हातात तसाच होता. "मशीन चायनाचं. बिघाड सांगतला त्या पोरीनं. भोकं पाडले मिस्त्रीनं, काड्या ओढल्या आमी. मंग तुमी कायले बोलून राह्यले?"